बिनयुरियाचे मूग

"पुन्हा साबुदाणाच. माझ्या लेकाला काय जन्माची एकादस लागलीय?"

चतुराबाई हे कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. पण स्वयंपाकघर एवढं अरुंद होतं, की स्टोव्हपुढं बसलेल्या सुनेचा कान सोडून ते बोलणं दुसरीकडं कुठं जाऊच शकत नव्हतं. कस्तुरा पातेल्यात चमचा फिरवत राहिली. साबुदाणा, साखर, वरून तुपाची धार. मीठ नाही, दूध नाही.

"आन् दिसतंय कसं बघ. निस्ता युरियाचा दाणा."

"आत्याबाई, साबुदाणा आहे तो. दुकानातनं आणलाय."

"युरिया बी दुकानातनंच येतो."

कस्तुरानं वाटी भरली आणि बाहेरच्या खोलीत नेली. तिथं ज्योतीराम भिंतीला उशी लावून बसला होता. वय चाळिशीच्या अलीकडचं. चिंचवड गावठाणातल्या याच दोन खोल्यांतून तो इतकी वर्षं सायकलवर टांग मारून कंपनीत जायचा, लेथ चालवायचा, ओव्हरटाइम करून यायचा. आता पावलं इतकी सुजली होती, की कंपनीचे बूट दाराआड एकमेकांना टेकून बसले होते. अंगाला खाज, सारखी उचकी, आणि तोंडाला एक वास. मुतारीजवळून गेल्यावर येतो तसा. हे कस्तुरानं कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना येतच होता.

"साबुदाणा?" ज्योतीराम म्हणाला. "आज काय नवीन देव धरला?"

"खा गुपचूप."

त्या घरात एक शब्द कुणी उच्चारत नव्हतं. बाकी सगळं बोलायचे. 'उन्हाळा सरला की', 'सूज उतरली की', 'पुन्हा शिफ्टला जायला लागला की'. प्रत्येक वाक्याला 'की' होता आणि त्याच्यापुढं सगळं बरंच व्हायचं होतं.

घोटाळा झाला होता तो पहिल्याच दिवशी, पुण्याच्या हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या टेबलापाशी. डॉक्टर तरुण होते, बोलणं स्वच्छ. म्हणाले, "ह्यांच्या दोन्ही किडन्या काम करेनाशा झाल्यात. रक्तात युरिया वाढलाय."

किडन्यांचं चाललं होतं तोवर चतुराबाई नुसत्या बघत होत्या. युरिया म्हटल्याबरोबर त्यांनी पदर सावरला आणि मान डोलावली. एवढ्या बोलण्यात तो एकच शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला होता.

त्यांचं घर निघोज्याचं. तिथली शेती धाकटा भैरू बघायचा आणि दोन-तीन सालांपासून तो चाकणच्या सोसायटीतून युरियाच्या गोण्या आणत होता. गोणी ठेवायची पडवीत, जोंधळ्याच्या कणगीला लागूनच. आणि जोंधळा तर दर साली चिंचवडला ज्योतीरामकडं यायचा. म्हणजे हिशेब अगदी सरळ. चतुराबाई परतीच्या एसटीतून उतरल्या त्या घरी न जाता थेट शेतात गेल्या. भैरू कांद्याला पाणी धरत होता.

"तुझ्या युरियानं माझ्या लेकाचं रगत नासलं."

भैरूला आधी कळेना. कळल्यावर म्हणाला, "आये, म्या बी तुझाच लेक हाय. आन् म्या बी त्योच जोंधळा खातोय."

"तू उन्हात घाम गाळतोस, तुझा भाईर पडतो. त्यो कंपनीत पत्र्याखाली उभा ऱ्हातो. त्याचा साठला."

भैरू खोऱ्याला टेकून उभा राहिला. आईनं पडवीतली अर्धी गोणी ओढत ओढत नेली आणि ओढ्यात उपडी केली, तरी तो हलला नाही. कांदा त्या साली बेताचाच आला. ओढ्याकाठचं गवत मात्र कमरेला लागलं.

मग चतुराबाई परसातल्या तुकड्याच्या मागं लागल्या. तिथं फक्त शेणखत. तिथले मूग, मटकी, पावटे त्यांनी डब्यात भरले, घरच्या कोंबड्यांची अंडी कोंड्यात पुरली आणि चिंचवडला लेकाकडं राहायलाच आल्या. डबा सुनेपुढं ठेवून म्हणाल्या, "ह्ये घे. बिनयुरियाचे मूग. हेच खाऊ घाल, रगत आपसूक धुऊन निघंल."

डॉक्टरांनी बंद केलेल्या गोष्टी त्याच. डाळी, कडधान्यं, दूध, अंडी, मटण, शेंगदाणे. शिवाय केळी आणि शहाळं.

"आजाऱ्याला शहाळं न्हाई? डाक्टर हाय का वैरी?"

कस्तुराला तरी कुठं कळलं होतं? वाचायला ती लग्नानंतर शिकली होती, दुकानांच्या पाट्यांवरून आणि सामान बांधून यायचं त्या कागदांवरून. डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून नको, एवढंच तिला माहीत. पण सासूशी रोज सामना म्हणजे नुसतं 'नको' पुरत नव्हतं. म्हणून ती शेजारच्या सुमनताईंकडं गेली. सुमनताई नगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या तांदूळ निवडत होत्या. कस्तुरानं ताटाची दुसरी बाजू धरली.

"मुगात काय असतं हो एवढं वाईट?"

"वाईट नाही गं. प्रथिनं असतात. अंग त्यांचंच बनतं. मांस, रक्त, केस, नखं."

"आणि ती कशाची बनतात?"

सुमनताईंचा हात थांबला. असा प्रश्न वर्गात कुणी विचारत नसावं. "कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन," त्या म्हणाल्या, "आणि चौथा नायट्रोजन. झालंच तर जरासा गंधक."

"साखरेत?"

"साखरेत पहिले तीनच."

"तुपात?"

"तुपात पण तेच तिघं. भातात चौथा थोडा असतो. साबुदाण्यात जवळपास नाहीच. डाळ, दूध, अंडी, मटण ही चौथ्याची घरं."

कस्तुरा खडे बाजूला सारत विचार करत होती. "मग ते तिघं चालतात आणि चौथाच का नाही?"

"त्या तिघांची शेवटी हवा आणि पाणी होतं, बाई. आपण श्वास सोडतो त्यातून निघून जातात. चौथ्याला नाकातून जाता येत नाही. अंगाला लागला तेवढा लागला, उरल्याचा शरीर युरिया करतं, आणि तो जातो लघवीवाटे. त्याला तेवढं एकच दार."

"आणि दार लागलं तर?"

सुमनताई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. म्हणाल्या, "मुंबईला मशीन आहे म्हणतात, रक्त धुवायचं."

मुंबईच्या मशीनची चौकशी भैरूनं आधीच करून ठेवली होती. तिथं आधीच रांग होती, आणि एकदा धुऊन भागत नाही, जन्मभर धूत राहावं लागतं. ते त्यानं वहिनीला सांगितलं होतं, आईला नाही.

पुढच्या खेपेला भैरू भाजी घेऊन आला, तेव्हा कस्तुरानं त्याला चौघांची गोष्ट सांगितली. तो उकिडवा बसून ऐकत होता. मधेच म्हणाला, "नायट्रोजन म्हंजी नत्र की, वैनी. आमच्या गोण्यांवर असतंय. नत्र, स्फुरद, पालाश. मास्तरानं शेतीशाळंत पाठ करून घेतलंय."

"सुमनताई म्हणाल्या, केळ्यात आणि शहाळ्यात तो पालाशच असतो, भावजी. आणि दुधात तुमचा स्फुरद."

"म्हंजी गोणीवरलं दादाला कायच चालत न्हाई." भैरू हातातल्या मेथीच्या जुडीकडं बघत राहिला. "ज्यानं पीक उभं ऱ्हातं, त्यानंच..."

आतून ज्योतीरामनं ऐकलं असावं. तो तिथूनच ओरडला, "भैरू, मला निघोज्याला ने आन् कांद्यात उभा कर. वाफ्यागणिक फिरव. सोसायटीत जायची गरज न्हाई तुला."

भैरूला हसू आलं आणि मग ते आवरेना. हसता हसता तो बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आला.

"काहीतरी बोलू नका," कस्तुरा नवऱ्यावर खेकसली.

"बरं. उन्हाळा सरला की बोलतो."

राहिल्या चतुराबाई. कस्तुरानं त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. युरिया शेतातून आलेला नाही, तो डाळीपासून आत तयार होतो. चतुराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डाळीचा युरिया व्हतो?"

"हो."

"मंग दुकानदार खुळाच म्हनायचा. डाळ इकण्यापरास युरिया करून इकला आसता."

आणि त्या मटकी निवडायला बसल्या.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. कस्तुरा रॉकेलच्या रांगेतून दुपारी घरी आली, तर दारातच तिला वास आला. उकडलेल्या अंड्याचा. ज्योतीराम टॉवेलनं तोंड पुसत होता आणि चतुराबाई भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या, झोपलेली माणसं कधी घेत नाहीत इतका सारखा श्वास घेत. टरफलं भांडी घासायच्या राखेत पुरली होती. मूगही शिजले असावेत, पातेल्याला हिरवी कड होती. पण पातेलं बघायची गरजच नव्हती. त्या चौघांमागचा तो पाचवा, जरासा गंधक, त्यानं चुगली केली होती.

ती नवऱ्याजवळ बसली. हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"तुम्हाला कळत नाही?"

"कळतं. पण ती पदराखाली झाकून आणती, सोलून हातावर ठेवती. नको कसं म्हणू? मी खाल्लं की तिला बरं वाटतं."

"आणि मला?"

"तुला मी न खाल्ल्यावर बरं वाटतं. म्हणून दोन्ही करतो." त्यानं तिच्याकडं बघून डोळे मिचकावले. पापण्यांवर सूज होती, तेही नीट जमलं नाही. "चव कशालाच नाही गं. तिचं अंडं आणि तुझा साबुदाणा, तोंडात गेलं की सगळं लेथच्या चुऱ्यासारखं लागतं."

पुढची रक्ततपासणी वाईट आली. युरिया पुष्कळ चढला होता. हॉस्पिटलातून घरी येईपर्यंत कस्तुरानं दातांवर दात धरले होते. घरात शिरल्यावर चतुराबाईंनी विचारलं, "उतरला का गं?" आणि तिचा बांध फुटला.

"चढला! तुमच्या मुगानं चढला, तुमच्या अंड्यांनी चढला! भावजींच्या शेतातला युरिया नाही, आत्याबाई. तुमच्या हातचा!"

चतुराबाई भांडखोर बाई. एकाला चार ऐकवणारी. कस्तुरा त्या चार शब्दांची वाट बघत उभी राहिली. ते आलेच नाहीत. चतुराबाईंनी आपले दोन्ही हात पुढं धरून बघितले, आधी तळवे, मग पालथे करून, आणि ते लुगड्यात गुंडाळून घेतले.

चारच दिवसांनी डॉक्टरांनी कस्तुराला एकटीला बोलावून सांगितलं, "अंड्यांनी झालं असं मनात धरू नका. थोडाफार फरक पडला असेल. पण किडन्या आधीच संपल्या होत्या. पथ्य काटेकोर पाळलं असतं तरी आपण फार लांब गेलो नसतो." हे ती घरी घेऊन आली आणि आत ठेवून दिलं. 'तुमच्या अंड्यांनी नाही झालं' एवढंच सांगता आलं असतं, तर तिनं ते दारातूनच ओरडून सांगितलं असतं. पण सासू लगेच विचारणार, मग कशानं? आणि आता पुढं काय? त्या पहिल्या वाक्याला दुसरं वाक्य चिकटलेलं होतं. पहिलं उचललं की दुसरं हातात येणारच.

म्हणून ती गप्प राहिली, आणि चतुराबाई बदलत गेल्या. स्टोव्हला, पातेल्याला हात लावायच्या नाहीत. लेकाला पाणी द्यायचं तर आधी सुनेला विचारायच्या, "ह्यात चौथा न्हाई ना?" तांदूळ धुवायला बसल्या, तर दाणे तुटेपर्यंत धुवायच्या. कंपनीतले दोघं भेटायला आले, त्यांच्या हातात केळी होती. चतुराबाईंनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "त्यात पालाश हाय. माघारी न्या." ती माणसं केळी घेऊन गल्लीत कितीतरी वेळ घोटाळत उभी होती. भैरूशी मात्र त्या पुन्हा बोलायला लागल्या. एकदा त्याला म्हणाल्या, "तुझी गोणी म्या वाया घालवली रं." तो म्हणाला, "जाऊ दे आये. गवत म्हशीनं खाल्लं."

सुनेचं पथ्य त्यांना आता ढिलं वाटायला लागलं होतं. लेक बरा व्हायचा तो आपण हात आखडल्यानंच, असं त्यांनी धरलं होतं. तो वाटीभर भात खाऊन आडवा झाला, की त्या कौतुकानं म्हणायच्या, "बघ, आज उलटी न्हाई. उतरतोय."

उतरत नव्हता. दिवसाउजेडीसुद्धा तो मधेच बोलता बोलता झोपी जायचा, जागा झाल्यावर फोरमनला हाका मारायचा. त्या महिन्यात दुसऱ्यांदा हॉस्पिटलात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला तपासलं, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि कस्तुरा-भैरूकडं वळून म्हणाले, "घरी न्या. आता काय हवं ते खाऊ द्या त्यांना."

टॅक्सी करून आणलं. ज्योतीराम मागं कस्तुरा आणि भैरूच्या मधे मान टाकून झोपला होता. खडकी मागं पडल्यावर भैरूनं विचारलं, "समदं चालंल म्हनाले?"

"हो."

"शहाळं बी?"

"हो."

मग तो काचेतून बाहेर बघत बसला. दापोडी गेली, कासारवाडी गेली, पिंपरी गेली. कस्तुराही आपल्या बाजूच्या काचेतून बघत होती. मधल्या माणसाचं डोकं कधी तिच्या खांद्यावर पडायचं, कधी त्याच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीराम चांगला जागा होता. सूर्य खिडकीत आला होता. तो म्हणाला, "आईला सांग, मासवडी कर. रस्सा झणझणीत."

मासवडी म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घोटून, फडक्यावर थापून, आत तीळ-खोबऱ्याचं तिखट सारण भरायचं, वळायचं आणि वड्या कापायच्या. त्या सगळ्या भागात चतुराबाईंच्या हातची प्रसिद्ध. लग्नकार्यात आचारी त्यांना बोलवायला माणूस पाठवायचे. भैरू तेवढ्यात जाऊन पीठ, तीळ, खोबरं घेऊनही आला. कस्तुरानं परात पुढं सरकवली.

चतुराबाईंनी परातीकडं बघितलं आणि भिंतीकडं सरकल्या.

"डाळीचं पीठ हाय त्ये."

"हो, आत्याबाई."

"त्यात चौथा हाय. तूच शिकवलंस मला."

"डॉक्टर म्हणाले, चालेल."

"कशापायी चालंल? युरिया उतरला व्हय?"

भैरू पुढं आला. "नवीन औषध चालू केलंय, आये. त्यावर चालतंय."

"कुटं हाय? दाव."

भैरूनं उगाच सदऱ्याचा खिसा चाचपला. सुमनताई शाळेला निघाल्या होत्या, त्या दारात थांबल्या. "थोडंसं खाल्लं तर काही होत नाही, आजी."

"थोडंसं? अंडं बी थोडंसंच दिलं हुतं म्या." चतुराबाईंनी परातीकडं बोट केलं. "तवा चढला न्हाई व्हय? ही बोलली न्हाई व्हय, माझ्या हातचा म्हनून? खरंच बोलली ती. आता त्यो उतारावर हाय. काल माझ्याकडं बघून हसला. आन् आता म्हनता, म्हातारे, पुन्हा घाल. उद्या काय इपरीत झालं तर समद्यांच्या तोंडी हेच, आईनं मासवडी घातली. न्हाई. उपाशी ठेवंन, पर माझ्या हातानं न्हाई."

आतून ज्योतीरामची उचकी ऐकू येत होती. "आई, वास येईना अजून," तो म्हणाला.

चतुराबाईंनी तोंडात पदर कोंबला.

कस्तुराला तेव्हा दोन्ही दिसलं. मासवडी केली, तर ही बाई मरेपर्यंत म्हणत राहील, मी मारला. नाही केली, तरी अंडी आहेतच. तिच्या हाताला ते चिकटवलं होतं आपण, आणि काढायचं औषध महिनाभर आपल्याच जवळ होतं.

ती खाली बसली. परात बाजूला केली आणि लुगड्यात गुंडाळलेले सासूचे हात ओढून बाहेर काढले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूचे हात असे हातात कधी घेतले नव्हते. खरखरीत आणि गार होते. भैरूनं ओळखलं. तो म्हणाला, "वैनी, नगं." सुमनताई दारातून आत आल्या, आणि पुन्हा तिथंच उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, अंड्यांनी काही झालं नव्हतं. मी रागात बोलले. डॉक्टर मला तेव्हाच म्हणाले होते."

"मंग कशानं चढला?"

कस्तुरानं हात सोडले नाहीत.

"ते जाणार आहेत, आत्याबाई. मूग खाल्ले नसते तरी जाणार होते. मासवडी नाही खाल्ली तरी जाणार आहेत."